वेलाच्या पोटातली रेघ

शके १७०९, प्लवंगनाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी. मुक्काम पुणे.

वहिनी, दंडवत.

मायना लिहायला बसलो आणि तीर्थरूप लिहू की तीर्थस्वरूप, इथेच बोरू अडला. पंतोजींनी हे शिकवले त्या दिवशी मी नदीवर होतो. तेव्हा दंडवत तेवढा माझा घ्या, बाकीचे मोठे शब्द तुम्हीच मनात घाला.

पत्र मच्छिंद्र बैलवाल्याजवळ देतो आहे. तो वाईला जातो आहे, तुमच्याच हातात ठेवीन म्हणतो. आडोशाला जाऊन वाचा. तुम्हाला वाचता येते हे गुपित आपल्या दोघांचेच राहू द्या. दादा कर्नाटकच्या मोहिमेवरून आला की त्याच्यासमोर कागद धरून घडाघडा वाचायचे ठरले आहे ना, ते आधीच फुटायला नको. म्हणून अक्षरे मोठी आणि सुटी काढली आहेत. अडलात तर मेथीचा वाफा आठवा. काडीने मातीत व काढला, मग त्याच्या पोटात रेघ ओढली आणि म्हणालो, हा ब. तुम्ही पदर तोंडाला लावून म्हणालात, "म्हणजे भावजी, वेलाच्या पोटात काटा गेला की बेल." पंतोजींना एवढे सुचले असते तर मी नदीवर गेलो नसतो.

आता बाग. मेथी दोन बोटे वर आली. मोरीच्या पाण्यावरचे अळू माजले आहे, पाने सुपाएवढी. मोगऱ्याच्या कळ्या मोजायला बसलो होतो, तेवढ्यात बोळातून अस्वलवाला गेला म्हणून मोजणी अर्धी राहिली. तोंडलीचा वेल मात्र शेजारी दीनानाथपंतांच्या कौलांवर चढला. काल पंत भिंतीवरून म्हणाले, "दिगंबरपंत, आपली तोंडली आमच्याकडे राहायला आली आहेत. मुक्काम किती दिवस? तसे अंथरूण घालायला."

मी म्हणालो, "वेल आहे, वाढणारच."

"हो, तुमच्या घरात वाढते ते तेवढेच," असे म्हणाले आणि खाली उतरले. दादाला लष्करात पत्र लिहिणार आहेत म्हणे.

तुमच्या बेलाला रोज दोन कळशा घालतो. पेठेतल्या हौदावर पहाटे गर्दी नसते. बेल आता माझ्या डोक्याच्या वर गेला. पाच वर्षांपूर्वी वाईच्या घाटावरून तुम्ही ते रोप ओच्यात घालून आणलेत तेव्हा दादा म्हणाला होता, परसात बेल नको, काटे पायात जातात. आता त्याने येऊन पाहावे.

दादाचे दुसरे बोलणेही मी विसरलेलो नाही. मार्गशीर्षात निघताना तो उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला होता, "मी येईन तोवर हा घरात टिकला तर राहील. पुन्हा कुणा गोसाव्यामागे पळाला तर दार बंद." आणि फाल्गुनात तुमच्या आई पडल्या, तुम्हाला जावे लागले, तेव्हा तुम्ही साऱ्या आळीसमोर म्हणालात, "टिकतील. माझा बेल मी त्यांच्या हवाली करून चालले आहे." तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात. बेल हिरवा आहे. आईंचा पाय कसा आहे ते कळवा.

तुमचा दिगंबर

वैशाख वद्य द्वितीया. मुक्काम पुणे.

वहिनी, दंडवत.

पत्राला उशीर झाला. बोटात काटा गेला होता, बोरू धरवत नव्हता.

ऊन फार आहे. मेथी करपली. ती तशीही जून झाली होती. मोगरा रुसला आहे. अळू तग धरून आहे, त्याला मोरीचे पाणी आपोआप मिळते, कोणी असो नसो. बेल थोडा मलूल दिसतो. बुंध्याला शेणमाती बांधली आहे, थंडाव्यासाठी.

सासवडच्या बाजारात यंदा अंजिरे अशी आली आहेत की हाताळताच बोटाला चिकटतात. तिथे एक कोल्हाटी दोन वेळूंवर दोर ताणून त्यावरून डोक्यावर घागर घेऊन चालतो आणि घागरीतले पाणी हिंदकळत नाही. घागर उतरवताना पाहिले, काठोकाठ भरलेली. म्हणजे मच्छिंद्राने पाहिले. तो सांगत होता.

तुम्ही विचारले नाहीत तरी लिहितो, परसदाराला कडी रोज घालतो.

हिंगण्याची बायडाबाई भाजीची पाटी घेऊन येते ती तुमची आठवण काढते. तिच्याकडून शेणखत मागवले आहे. ती फार बोलते, तिचे फार मनावर घेऊ नये. तुमच्याकडे वाईला तिचे कोणी येत-जात नाही ना?

तुमचा दिगंबर

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी. मुक्काम पुणे.

तीर्थस्वरूप सौभाग्यवती वहिनी यांस दिगंबराचा दंडवत.

दादाचे पत्र लष्करातून आले. मला मोडी येत नाही म्हणून बाळबोध लिहिले आहे. ते सोबत धाडतो, तुम्हीच वाचा. दोनच ओळी आहेत. मी माझ्याकडून काही सांगत नाही.

त्यात लिहिले तसे केले. मोठ्या भावाने सांगितले ते लहानाने करावे, एवढेच मला कळते. कुऱ्हाड दीनानाथपंतांकडून आणली. सकाळीच उरकले. लाकूड रचून ठेवले आहे, जाळलेले नाही.

बाकी अळू ठीक.

दिगंबर

आषाढ वद्य प्रतिपदा. मुक्काम पुणे.

वहिनी, दंडवत.

मच्छिंद्र परतला. तुमचा निरोप त्याने मला हौदावर सांगितला. म्हणाला, "बाई म्हनल्या, ज्याला माझा बेल खुपला त्याच्या घरात माझं काय हाय. आईचं दुखनं बरं झालं तरी मी हितंच ऱ्हानार." मग म्हणाला, "बाई रडल्या न्हाईत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं."

दादा चार दिवसांपूर्वी आला. वाळला आहे, दाढीत पांढरे दिसते. वहाणा न काढता आधी परसात गेला. बुंध्याचा खुंट पाहून उभा राहिला. मला विचारले, मी काहीतरी सांगितले. तो हो म्हणाला, एवढेच. मग भिंतीकडे पाहून म्हणाला, "वेल का नाही तोडलास? लिहिले होते ना."

मी म्हणालो, "वहिनींना तोंडली आवडतात."

तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला असावा, गालांना सवय राहिली नव्हती. जेवताना म्हणाला, "सात महिने एका जागी राहिलास. मी तुला ओळखले नव्हते रे." आणि हात धुऊन आल्यावर स्वतःचे जरीकाठी पागोटे माझ्या डोक्यावर ठेवले. दीनानाथपंतांनी भिंतीवरून पाहिले आणि म्हणाले, "शोभते. खाली डोके आहे असा भास होतो."

ते पागोटे मी खुंटीला लावले आहे. घालवत नाही. घालत नाही म्हणून दादाला मी विनयी वाटतो.

तो रोज विचारतो, "ती कधी निघणार?" मी सांगतो, आईंचा पाय. तो म्हणतो, "मी जाऊन आणतो." मी म्हणतो, रस्ते चिखलाचे आहेत, थांब. वहिनी, तुम्ही आलात तर त्या पत्राचे दादाजवळ काढू नका. थकून आला आहे. झाले ते झाले. बेल काय, दुसरा लावता येईल.

हे शेवटचे वाक्य खोडायचे होते, पण कागद एकच आहे.

दिगंबर

श्रावण, दुसरा सोमवार. मुक्काम पुणे.

वहिनी,

दंडवत लिहीत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तो घ्यावा असे वाटले तर घ्या.

दादाचे ते पत्र तुमच्याजवळ असेल. फाडले नसेल तर काढा आणि उजेडाशी धरा. पहिली ओळ. "परसातला बेल तोडावा." त्यातल्या ब कडे पाहा. दादाची शाई लष्करातली, पाणी घालून वाढवलेली, मातकट. पोटातली रेघ काळी आहे. ती घरच्या दौतीतली आहे. नखाने हळू खरवडा. रेघ निघेल, व राहील.

दादाने वेल तोडावा असे लिहिले होते. दीनानाथपंतांची कौले फुटत होती म्हणून. पुढची ओळ, "तिला मी समजावीन," ती तोंडलीबद्दल होती.

रेघ मी ओढली.

आता मागचे सांगतो. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी हौदावर कोल्हाट्यांचा तांडा पाणी भरत होता. त्यांच्याबरोबर मी चार पावले बोलत गेलो. दिवे घाट लागला तेव्हा म्हटले, सासवड पाहून फिरू. तेरा दिवसांनी फिरलो. परसदाराची कडी घातली नव्हती. मी परतलो तेव्हा परसात बोळातल्या शेळ्या होत्या, माझ्याकडे पाहत होत्या, जणू मीच परका. मेथी गेली होती, मोगरा गेला होता. बेलाची पाने जिथवर तोंड पोचले तिथवर गेली होती आणि बुंध्याची साल चारी बाजूंनी सोललेली होती.

दहा दिवस मी पाणी घातले. दोन कळशा नाही, दहा दहा. शेणमाती बांधली. बायडाबाईने फडके सोडून पाहिले आणि म्हणाली, "साल भवतीनं गेलीया. वरचं आता न्हाय ऱ्हात. बुडापासनं काप, मुळं जित्ती हायत, फुटंल."

मी विचारले, "आणि वहिनींना काय सांगू?"

"शेळीनं खाल्लं म्हनून सांग. काय मोठं हाय त्यात? झाडापायी मानूस घटकाभर बोलतंय, मग गप ऱ्हातंय."

ते एवढे सोपे होते. शेळ्या म्हटले की कडी आली, कडी म्हटले की सासवड आले आणि सासवड म्हटले की तुमचा शब्द गेला. म्हणून मला ते सोपे वाटले नाही. दुसऱ्याच दिवशी दादाचे पत्र आले. मी ते वाचले, वेल या शब्दावर थांबलो, आणि मेथीच्या वाफ्यात तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात ते आठवले. तुमचेच वाक्य मी वापरले. दुसरे कुणी ते पत्र तुम्हाला वाचून दाखवणार असते तर कदाचित धीर झाला नसता. तुम्ही ते एकटीने वाचाल हे मला ठाऊक होते. मीच तुम्हाला वाचायला शिकवले होते.

दादा पूर्वी बेल नको म्हणाला होता, म्हणून तुम्हाला ते खरे वाटेल हेही मी धरले होते. एवढा विचार मी उभ्या जन्मात कधी केला नव्हता.

दादाला मात्र मी शेळ्यांचे सांगितले होते, फक्त कडी त्या दिवशी चुकून राहिली असे. म्हणजे एकाच खुंटाच्या दोन गोष्टी मी दोघांना दिल्या, आणि दोघे भेटू नयेत म्हणून चिखल पुढे केला.

गेल्या सोमवारी दादा पूजेला बसला. तबकात बेल नव्हता. मी म्हणालो, मंडईतून आणतो. तो म्हणाला, थांब. उठला, आपले दप्तर सोडले. कागदांच्या तळाशी शेल्याचा एक तुकडा, त्यात गाठ, गाठीत बेलाचे एक पान. तीन दळे, वाळून तपकिरी झालेली, एक कडेला मोडलेले. म्हणाला, "निघताना तिने बांधून दिले होते. आपल्या परसातले आहे." ते त्याने देवाला वाहिले नाही. पाहिले आणि पुन्हा गाठ मारली. मग म्हणाला, "तिला लिही, येताना घाटावरचे रोप आण म्हणावे. या वेळी मी खड्डा खणतो. काट्यांचे काही नाही, वहाणा आहेत."

मी परसात गेलो. रडायला गेलो होतो, पण तिथे दुसरेच झाले. खुंटाच्या शेजारी, हातभर अंतरावर, मातीतून बोटाएवढा लालसर कोंब आलेला. काटा आधी, पान नंतर. बायडाबाई खरे बोलली होती.

तुमच्यापासून आता काही लपवायचे नाही म्हणून हेही लिहितो. कोंब पाहून पहिला विचार मनात आला तो असा की आता सांगायची गरज उरली नाही. बेल आहे असे लिहावे, तुम्ही याल, रेघ कोण पाहतो. त्या विचारात मी दुपारचे जेवण जेवलो. दादाने माझ्या पानात तूप वाढले. त्या घासाला मला उठावे लागले.

हात धुऊन दादाला सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, "रेघ कुठल्या शाईने ओढलीस?"

"घरच्या."

"म्हणजे माझ्याच." मग म्हणाला, "तिला ते पत्र वाचून कोणी दाखवले?"

हे मी सांगितले नाही. तेवढे एक गुपित तुमचे आहे, ते फोडायचा हक्क मला नाही. म्हणालो, ते वहिनींना विचार.

खुंटीवरचे पागोटे त्याने काढून घडी घालून पेटीत ठेवले. म्हणाला, "तू तिच्या शब्दावर या घरात होतास. आता ती येऊन सांगेपर्यंत ओसरीच्या आत पाऊल टाकायचे नाही."

तसा मी ओसरीवर आहे. इथून बोळ दिसतो. काल बैराग्यांची एक टोळी गेली, त्र्यंबकला निघालेली. एकाने मला हाक मारली, ओळखीचा होता. पाय उठले होते. खरे सांगतो, उठले होते. मग कळशी घेतली आणि हौदावर गेलो.

हे पत्र घेऊन मी स्वतः वाईला यायला हवे होते. सासवडला तेरा दिवस गेलेला माणूस मी, पण वाईच्या रस्त्यावर मला एक पाऊल टाकवत नाही. मच्छिंद्र आणतो आहे.

माझ्यावर रागवा. दादावर रागवू नका. त्याचा व होता.

दिगंबर

भाद्रपद वद्य चतुर्थी. मुक्काम पुणे, ओसरी.

वहिनी,

तुमचे पत्र पोचले. दादाच्या नावे होते. मच्छिंद्राने ते दादाच्या हातात दिले आणि मला सांगितले, "बाईंनी सोत्ता लिवलंय. माझ्यासमोर. घाम आला होता त्यास्नी."

दादाने घडी उघडली. अक्षरे मेथी पेरल्यासारखी, एक वर एक खाली. त्याने कागद फिरवून पाठीमागे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले. मला विचारले, "हे अक्षर कोणाचे?"

मी ओसरीवरून म्हणालो, "वहिनींचे."

तो खाली बसला. कर्नाटकात गोळ्या चुकवून आलेला माणूस, पण तीन ओळींसाठी त्याला भिंतीला पाठ टेकावी लागली. मोठ्याने वाचले नाही, ओठ हलत होते. चार वेळा हलले. दीनानाथपंत भिंतीवर आलेच होते. म्हणाले, "कुठली सनद आली आहे?"

दादा म्हणाला, "घरून आली आहे. तुमच्या कौलांवरचा वेल तोडायचा हुकूम आहे."

पंत आपल्या कौलांकडे पाहत खाली उतरले.

मग दादाने कागद ओसरीच्या कडेला, माझ्यासमोर ठेवला. मी वाचले.

"वेल तोडावा. बेलाला पाणी घालावे. आईचा पाय बरा आहे, दसऱ्यास येते."

पहिल्या ओळीतल्या व चे पोट तुम्ही कोरे ठेवले आहे, लख्ख. दुसऱ्या ओळीतल्या ब ची रेघ इतकी दाबून ओढलीत की बोरू कागदातून आरपार गेला आहे. कागद उन्हात धरला तर त्या फटीतून उजेड येतो. दादाने तो धरून पाहिला, मीही पाहिला.

माझे नाव पत्रात कुठे नाही. दोनदा शोधले. ओसरीच्या आत ये असे नाही, चालता हो असेही नाही. बेलाला पाणी घालावे, हे कोणाला लिहिले आहे, ते मी दादाला विचारले नाही. दादा विळा घेऊन वेलाकडे वळला होता.

कोंब आता वीतभर झाला आहे. तीन पाने आली. भोवती मी बाभळीच्या फांद्या रोवल्या आहेत आणि परसदाराची कडी घालून, पुन्हा ओढून पाहून, कळशी घेतली.